शिकारी पक्ष्यांचे क्लोजअप: डोळा काळा का येतो, पिसं धूसर का होतात आणि पक्षी का उडतो

कोल्हापुरातल्या एका तरुण छायाचित्रकाराचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) २४ मेगापिक्सेल कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे. कळंबा तलाव, शिवाजी विद्यापीठाचा परिसर आणि कागलकडची शेतं इथे ते घार, कापशी (पांढरट-राखाडी रंगाची लहान घार) आणि शिक्रा (लहान बाज) यांचे फोटो काढतात. तक्रारी तीन: डोळा काळा ठिक्कर येतो, पिसांत तपशील राहत नाही, आणि जवळ सरकलं की पक्षी उडून जातो. शेवटी त्यांनी विचारलंय की आता महागडी मोठी प्राइम लेन्स (झूम नसलेली, एकाच फोकल लेंग्थची) घ्यावी का.

लेन्स घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. तुमच्या तिन्ही अडचणींपैकी एकही त्या लेन्सने पुरती सुटणार नाही, आणि तिन्ही आहे त्या सामानात सुटू शकतात.

आधी अंतराचा हिशोब डोक्यात पक्का करा, कारण बहुतेक जण इथेच चुकीची अपेक्षा धरून बसतात. क्रॉप सेन्सरवर ६०० मिमीला १५ मीटर अंतरावर तुमच्या चौकटीत साधारण ५९ बाय ३९ सेंटीमीटर एवढी जागा मावते. कापशी चोचीपासून शेपटीपर्यंत फूटभराच्या थोडी वर, म्हणजे १५ मीटरवर ती चौकट छान भरते. १० मीटरवर घारीचं डोकं आणि छाती एवढंच येतं. ३० मीटरवरून काढलेला फोटो घरी येऊन कापलात तर कापशीच्या जेमतेम एक सेंटीमीटरच्या डोळ्याला सुमारे ५० पिक्सेल मिळतात. १५ मीटरवर तेच १०० होतात. डोळ्यातली लाल बुबुळाची कड, पापणीचा काळा काठ, डोळ्यापुढचे केसांसारखे बारीक पर दिसायला एवढे पिक्सेल लागतात. म्हणजे खरी गरज ३० मीटरचे १५ मीटर करण्याची आहे, आणि ते काम पैशाने होत नाही. पक्षी तुम्हाला तिथे बसू देतो की नाही, यावर ते ठरतं.

म्हणून सगळ्यात आधी एक पक्षी निवडा. दहा ठिकाणी दहा पक्ष्यांच्या मागे गाडी पळवू नका. कापशी, तिसा (फिकट डोळ्यांचा बाज), शिक्रा, सगळ्यांच्या ठरलेल्या बैठका असतात. कापशी एकाच शिवारात त्याच दोन-तीन खांबांवर, त्याच वाळक्या फांदीवर पुन्हा पुन्हा येते. खांबाखाली पांढऱ्या शिटेचे ओघळ आणि उंदरांच्या केसांच्या, हाडकांच्या गोळ्या पडलेल्या दिसल्या की समजा ही रोजची बैठक. आणि शेतातल्या माणसाला विचारा. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं पिकाला पाणी पाजता पाजता मला जे सांगितलं, ते कुठल्याही फील्ड गाइडमध्ये सापडलं नसतं: "उन्हं आली की त्ये त्या कोपऱ्यातल्या खांबावर बसतंय बगा, आणि खाऊन झालं की मग बाभळीवर." बाभळ खांबापेक्षा खाली होती, ओढ्याच्या काठाला होती आणि पाठीमागे लांबवर उसाचा फड होता. फोटो बाभळीवरच होणार हे त्या एका वाक्यात कळलं. रानात पाय टाकण्याआधी मालकाला विचारायचंच असतं. दोन मिनिटं जास्त थांबून बोललात तर असं काही हाती लागतं.

आता जवळ जाण्याबद्दल. कोल्हापूरच्या शिवारातले पक्षी माणसाला बुजत नाहीत असं नाही, पण त्यांना ठरावीक माणसांची सवय आहे. भांगलणारी बाई, ट्रॅक्टर, उसाची मोळी डोक्यावर घेतलेला गडी, यांच्याकडे कापशी ढुंकूनही बघत नाही. चालता चालता थबकून तिच्याकडे रोखून बघणारा माणूस मात्र तिला लगेच कळतो, कारण तिच्या लेखी शिकार करणारा प्राणी तसाच वागतो. तेव्हा सरळ तिच्या रोखाने चालू नका. बांधाच्या कडेनं तिरकं चाला, नजर जमिनीवर ठेवा, कॅमेरा आधीच छातीशी धरलेला असू द्या. मध्येच बसा. बसलेला माणूस लहान दिसतो आणि पक्षी लवकर निवांत होतो. शक्य असेल तिथे चारचाकीतच बसा, इंजिन बंद करा आणि काचेवर जोंधळे भरलेली कापडी पिशवी टाकून तिच्यावर लेन्स टेकवा. वाळू भरू नका, जड होते आणि धूळ लेन्समध्ये जाते. रस्त्याकडेच्या तारांवरचे पक्षी गाड्यांना सरावलेले असतात. दार उघडलं की उडतात, काच खाली केली तर बहुधा बसून राहतात.

तुम्ही किती जवळ आलात हे मीटरमध्ये मोजू नका, पक्ष्याकडे बघून मोजा. निवांत शिकारी पक्षी पोटाची पिसं फुगवून बसतो, एक पाय पोटात ओढून घेतो, पिसं साफ करतो, मधूनच सगळं अंग झाडतो. अस्वस्थ झाला की पिसं अंगाला घट्ट चिकटतात, मान लांब होते आणि अंग बारीक दिसायला लागतं. दोन्ही पाय खाली येतात. कापशी शेपटी वर-खाली हलवायला लागते. मग पुढे झुकतो, पुष्कळदा शीट टाकतो आणि जातो. पिसं चिकटलेली दिसली त्या क्षणी थांबा, शक्य तर चार पावलं मागे या. पुढचं पाऊल टाकलंत तर आजचा फोटो तर जाईलच, उद्या तो पक्षी तुम्हाला आणखी लांबून ओळखेल. आणि फोटोच्या हिशोबानेसुद्धा चिकटलेल्या पिसांचा, ताणलेल्या मानेचा पक्षी बघणाऱ्याला आवडत नाही. का आवडला नाही हे त्याला सांगता येत नाही, पण भीती त्याला दिसलेली असते.

सगळ्यात चांगला वेळ म्हणजे पक्ष्याचं पोट भरल्यानंतरचा. कापशीनं उंदीर धरला की ती तो बहुधा ठरलेल्या बैठकीवर आणते. एका पायाखाली दाबते, आधी डोकं तोडते, मग लांब लांब तुकडे ओढून खाते. या वेळी तिच्या जवळ जाऊ नका. भुकेल्या पक्ष्याच्या तोंडचा घास तुमच्यामुळे पडणं यापेक्षा वाईट काही नाही. खाऊन संपलं की ती चोच फांदीवर एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने घासून स्वच्छ करते. गळ्याखाली भरलेली पिशवी गोल दिसते. मग अंग झाडते, एक पाय वर घेते, आणि पुढचा बराच वेळ फक्त डोकं फिरवत बसते. लाल डोळा अर्धवट मिटतो, उघडतो, खालून काही हललं की पुन्हा पूर्ण उघडतो. तुम्हाला हवा असलेला क्लोजअप या वेळात आहे. शिक्राचंही तसंच, फक्त तो पानांच्या आत बसतो, म्हणून विद्यापीठासारख्या झाडीत तो दिसण्याआधी खारींचा आणि साळुंक्यांचा कलकलाट ऐकू येतो.

आता डोळा. तो काळा येतो कारण शिकारी पक्ष्याच्या डोळ्यावर हाडाची कड पुढे आलेली असते. त्याच्या त्या करड्या मुद्रेचं कारण हीच भुवई. सूर्य डोक्यावर आला की तिची सावली थेट डोळ्यात पडते. त्यात पक्षी खांबावर, तुम्ही खाली, मागे पांढरं आभाळ. मग कॅमेरा आभाळ बघून एक्स्पोजर कमी करतो आणि उरलेला चेहराही बुडतो. मधुबाजाला ही कड जवळजवळ नसते, त्याचा चेहरा कबुतरासारखा सौम्य असतो आणि मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या डंखापासून वाचवणारी खवल्यांसारखी बारीक पिसं त्यावर असतात. कधी दुपारच्या उजेडातसुद्धा मधुबाजाचा डोळा छान आला असेल तर ती तुमच्या कॅमेऱ्याची करामत नव्हती.

यावर उपाय एकच, प्रकाश खालून किंवा समोरून डोळ्यात पोचला पाहिजे. सूर्य उगवल्यानंतरचा तास-दीड तास आणि मावळतीआधीचा तेवढाच. सूर्य तुमच्या पाठीमागे, तुमची सावली पक्ष्याकडे पडलेली. पावसाळ्यातले आणि ढगाळ दिवस तर क्लोजअपसाठी सोन्यासारखे आहेत, लोक तेव्हा कॅमेरा कपाटात ठेवतात हे त्यांचं नुकसान. ढगांमधून उजेड चहूबाजूंनी येतो, भुवईखालीही शिरतो. आणि एक गोष्ट आपल्या भागातली म्हणून मुद्दाम सांगतो. काळ्या रानावर बसलेल्या पक्ष्याच्या चेहऱ्यावर खालून काहीच उजेड येत नाही, जमीन सगळा पिऊन टाकते. ऊस तुटून गेलेल्या फडात वाळलेलं फिकट पाचट पसरलेलं असतं तेव्हा तोच पक्षी, त्याच वेळी, कितीतरी उजळ दिसतो. पाचट खालून प्रकाश परतवतं. कळंब्याच्या काठावर पाण्यावरून परत येणारा उजेडही हेच काम करतो. थंडीत ऊसतोड सुरू झाली की उंदीर उघड्यावर येतात, कापशी आणि घारी तिथेच असतात आणि जमीन फिकट असते. वर्षातला हा काळ सोडू नका. पाचट पेटवलेल्या रानात मात्र जाऊ नका. धुराच्या कडेला घारी टोळ टिपायला येतात खऱ्या, पण धुरात तपशील मिळत नाही आणि पळणाऱ्या जिवांच्या मागे आपणही उभं राहणं बरं नव्हे.

डोळ्यातला तो पांढरा ठिपका, सूर्याचं किंवा आभाळाचं प्रतिबिंब, पक्ष्यानं डोकं तुमच्याकडे थोडं वळवलं की येतो आणि दुसरीकडे वळवलं की जातो. म्हणून डोळा बघत राहा आणि ठिपका दिसला की तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट घ्या. एकच फ्रेम घेतलीत तर डोळ्यावरून आडवी सरकणारी दुधी पापणी नेमकी त्यात येईल. शिकारी पक्षी ती वारंवार मिटतात. चित्रकार बाबूराव पेंटरांच्या या गावात, कोल्हापुरात, व्यक्तिचित्रं बघायला मिळतात, ती या नजरेनं जरूर बघा: प्रकाश चेहऱ्याच्या कुठल्या बाजूने येतो, अंधारी बाजू किती अंधारी ठेवली आहे, डोळ्यातला उजेडाचा बिंदू कुठे आहे. पक्ष्याच्या चेहऱ्यालाही तेच लागू पडतं. पूर्ण समोरून सपाट उजेड घेण्यापेक्षा सूर्य खांद्याच्या थोडा बाजूला असेल तर भुवईचा, चोचीच्या बाकाचा आकार उठून येतो.

पिसं धूसर येण्याचं कारण आपल्याकडे बहुतेक वेळा हवा असते, लेन्स नसते. थंडीच्या दिवसांतसुद्धा दहाच्या पुढे काळं रान तापलं की झळा उठायला लागतात. साध्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण ६०० मिमीतून त्या थरातून बघणं म्हणजे उकळत्या पाण्यातून बघणं. खात्री करायची असेल तर मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू चालू करा, खांबाची कड दहापट मोठी करून बघा. कड थरथरत असेल तर पॅकअप करा. त्या वेळी जगातली सर्वोत्तम लेन्सही तेच चित्र देईल. डांबरी रस्त्यावरून, तापलेल्या बॉनेटवरून, कौलांवरून फोटो काढणं म्हणूनच टाळा. एसी लावलेल्या गाडीची काच एकदम खाली केलीत तर खिडकीतच थंड-गरम हवा मिसळते आणि चित्र मऊ होतं. एसी आधीच बंद करून काच थोडा वेळ उघडी ठेवा.

झळा नसतानाही धूसर येत असेल तर एकदा घरी तपासा. सकाळच्या उजेडात वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा, दहा मीटरवर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, लेन्ससमोरचा स्वस्तातला फिल्टर काढून टाका आणि एफ ६.३, ७.१, ८ अशा अॅपर्चरवर (आकडा मोठा तसं लेन्सचं भोक लहान) फोटो घ्या. ६०० वर आणि ५५० वरही. या वर्गातल्या बऱ्याच लेन्स एफ ८ ला आणि टोकाच्या थोड्या आत जास्त स्पष्ट देतात. तुमची कुठे चांगली ते तुम्हालाच कळेल, आणि मग शिवारात शंका राहणार नाही. फोकस सतत पुढे किंवा मागे पडत असेल आणि कॅमेरा आरशाचा, म्हणजे डीएसएलआर असेल तर मेनूत ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती असते, ती करा. डेप्थसाठी (पुढून मागेपर्यंत जास्त खोली स्पष्ट यावी म्हणून) मात्र अॅपर्चर बारीक करण्याची फारशी गरज नाही. १५ मीटरवर एफ ६.३ ला सुमारे १६ सेंटीमीटर खोली स्पष्ट येते, १० मीटरवर ७. पक्षी बाजूने बसला असेल तर डोळा आणि चोच एकाच पातळीत असतात आणि हे भरपूर झालं. तो थेट तुमच्याकडे बघत असेल तेव्हा फोकस डोळ्यावरच हवा. पुष्कळदा कॅमेरा चोचीच्या टोकाला किंवा भुवईला धरतो, आणि हे लहान स्क्रीनवर कळत नाही. तिथल्या तिथे मोठं करून बघा.

सेटिंगबद्दल जास्त लिहीत नाही. टेकू असेल तर बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद शटर चालतं, हातात धरून १/१००० च्या खाली जाऊ नका, कारण पक्षी डोकं झटक्यात फिरवतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो ठेवून कमाल मर्यादा घाला. पांढऱ्या आभाळासमोरच्या घारीला एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा; उन्हातल्या कापशीची पांढरी छाती जळू नये म्हणून अर्धा स्टॉप कमी करा. फाइल नेहमी रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली.

पार्श्वभूमीवर मात्र वेळ घालवा. क्लोजअपमध्ये मागचा रंग अर्धं चित्र असतो. पक्षी आणि मागची झाडी यांच्यातलं अंतर तुमच्या आणि पक्ष्यातल्या अंतराच्या दुप्पट-तिप्पट असेल तर मागे सलग रंग मिळतो. उभा ऊस लांबवर असेल तर गडद हिरवा, दिवाळीनंतर मसाई पठारावरचं वाळलेलं गवत असेल तर सोनेरी. दोन पावलं डावीकडे सरकल्याने मागचं पांढरं आभाळ जाऊन हिरवा रंग येतो, एवढं करायला लोक कंटाळतात. नजरेच्या पातळीवरून फोटो हवा असेल तर पन्हाळ्याला जा. तटावर उभं राहिलं की दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यावर घारी अगदी डोळ्यांसमोर तरंगतात, कधी थंडीत खरुचीही (केस्ट्रेल, लहान ससाणा) दिसते. खालून पोट दाखवणाऱ्या फोटोंपेक्षा तिथला चेहरा वेगळाच मिळतो. सकाळी लवकर पोचा, गर्दी झाली की पक्षी लांब सरकतात. तटाच्या कडेला डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये घालून मागे-पुढे चालू नका.

घरी आल्यावरचं काम थोडं ठेवा. नॉइज (फोटोतले दाणे) कमी करायचा तो आधी. मग भुवईखालची सावली हलक्या हाताने उचला, डोळ्याचा उजेड किंचित वाढवा, आणि शार्पनिंग फक्त डोळा, चोच आणि चेहऱ्याच्या पिसांवर करा. मागच्या सलग रंगावर केलंत तर तो खरखरीत होतो. डोळ्याचा रंग मात्र कधीही बदलू नका किंवा भडक करू नका. शिक्रा नराचा डोळा लाल असतो, मादीचा पिवळा ते नारिंगी; कापशीच्या पिल्लाचा डोळा मोठ्या पक्ष्यासारखा लालभडक नसतो; मधुबाज नराचा गडद तपकिरी आणि मादीचा पिवळा. तिशाची तर ओळखच फिकट, पांढरट डोळ्याने होते. एका स्लायडरने तुम्ही पक्ष्याचं वय आणि लिंग पुसून टाकता. कापशीचा राखाडी रंग सावलीत निळसर येतो, तो व्हाइट बॅलन्सने नीट करा. कापताना एवढं बघा: १२ बाय १८ इंचाची प्रिंट काढायची असेल तर २०० पिक्सेल प्रति इंच धरून साधारण साडेआठ मेगापिक्सेल उरले पाहिजेत. त्याहून कमी उरत असतील तर तो क्लोजअप म्हणून कापू नका. पक्षी लहान ठेवून त्याच्या माळरानासकट चित्र करा. पुष्कळदा ते जास्त चांगलं होतं.

दोन गोष्टींवर मी ठाम आहे. मांसाचे तुकडे टाकून घारी खाली बोलवायच्या नाहीत. त्यांना माणसाच्या हाताकडे झेपावायची सवय लागते, आणि त्याचा भोग पुढे त्या पक्ष्यालाच भोगावा लागतो. मोबाइलवर आवाज वाजवून शिक्रा काढायचा हाही त्यातलाच प्रकार. तो दुसरा शिक्रा आला समजून आपली ताकद फुकट घालवतो. आणि घरट्यावर क्लोजअप नाही. घार थंडीत घरट्याला लागते, शिक्रा उन्हाळ्यात. तुमच्यामुळे जोडी घरट्यावरून उडाली की अंडी उन्हात तापतात किंवा कावळे तिथे पोचतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच धरलं आहे. राधानगरी-दाजीपूरला सर्पगरुड रस्त्याकडेच्या फांदीवर बराच वेळ बसलेला भेटतो. तिथे वनखात्याची परवानगी घ्या, गाडीतून उतरू नका, त्याच्यासाठी उतरण्याची गरजही पडत नाही.

पुढच्या ऊसतोडीपर्यंत एवढंच करा: कागलकडची तुमची एक कापशी धरा, तिच्या बैठका, खाण्याची वेळ, पोट भरल्यावर ती कुठे जाते हे वहीत लिहा, आणि प्रत्येक फसलेल्या फोटोसमोर कारण लिहा: झळा, फोकस, हललेला हात, सावली की घाई. फोटो लोकांना दाखवाल तेव्हा गावाचं नाव आणि महिना पुरे. खांबाची किंवा घरट्याची नेमकी जागा लिहू नका.